एक मात्रा जास्त

हापसालूत रात्रीचे दोन.
हेल्वे वडिलांची वही टाइप करतेय:
अक्षर म्हणजे स्वर, आकडा म्हणजे लांबी,
उभी रेघ आली की हिशेब तपासायचा.

ओळ दोनशे बारा. प्रोग्रॅम अडून बसलाय,
एक्केचाळिसाव्या खणात एक मात्रा जास्त.

महिरपी कंस मोजले.
एक उघडाच राहिला होता, मिटला.
तरी तेच.
एक टिंब पुसलं, परत दिलं.
तेच.

मग वहीच धरली दिव्याखाली:
चारांच्या खणात पाच, शाईनेच,
आणि समासात, पेन्सिलीने,
लेइडाला दम लागतो. थांबा.

लेइडा कोण, आता कुणाला विचारणार?
कॉयर तर अजून थांबतं तिथे.

तेवढ्या खणापुरता तिने ताल पाचाचा केला.
प्रोग्रॅम गप्प.
खाली टक्क्याची खूण, जिच्यापुढचं तो वाचत नाही,
छापतही नाही:
लेइडाला दम लागतो.