डिसेंबरचे डोळे

रिस्तेनमावशी सुरी बर्फात पुसते
आणि कापलेल्या रेनडियरचा डोळा
माझ्या हातमोज्यावर ठेवते.
"बघ, निळा."

ऑगस्टमध्ये पाय मोडलेली मादी मारावी लागली,
तेव्हाही तिने असाच एक दाखवला होता.
तो घासलेल्या पितळेसारखा पिवळा होता.
कळप तोच, रक्त तेच.
सूर्य दोन महिने तोंड फिरवून बसतो
तेव्हा बुबुळामागची भिंत रंग बदलते,
उरलासुरला उजेड वेचून घेते,
लोकर विंचरून उरलेला धागा जपावा तसा.

तेव्हा मी तारा ओढायचो.
फिनमार्कच्या पठारावर, कमरेला पट्टा,
खाली चाळीस मीटर हवा.
तारेत वीज सोडली त्या आठवड्यात
कळप आला आणि थांबला.
सहाशे जनावरं, एका रेघेवर खूर रोवून,
पुढे नदी असावी तशी.
नदी नव्हती. कुंपण नव्हतं.
बर्फावर तारांची सावलीसुद्धा नव्हती.

चालताना यांच्या घोट्यांतून
कट् कट् आवाज येतो.
वादळात काही दिसेनासं झालं
की पिल्लं त्या आवाजाला धरून चालतात.
तो थांबला की मावशी गाढ झोपेतून उठते.
त्या रात्री ती उठून बसली,
आणि तंबूतले आम्ही सगळेच,
कुत्र्यासकट.

आमचा साहेब ओडवार भला माणूस.
म्हणाला, सवय होईल त्यांना, वर्षभरात.
मावशीने त्याला सुकवलेलं मांस दिलं,
कॉफीत चीजचा तुकडा टाकून दिला,
आणि म्हणाली, "तुला होईल."

दुसऱ्या हिवाळ्यातही कळप वळसा घालून गेला.
तिसऱ्याही.
वळशाच्या वाटेवर तळं आहे, तिथला बर्फ पातळ.
तिथे अकरा गेली.
मी मोजली. पगारही त्याच महिन्यात वाढला,
तोही मोजला.

मग राग्नफ्रीद आली, ट्रॉम्सोहून,
हाती जड कॅमेरा, आपल्याला न दिसणाऱ्या
जांभळ्यापलीकडच्या उजेडाचा.
बोटं फुंकत तिने तो खांबाकडे धरला.
आम्ही पडद्याभोवती डोकी लावली.

तारांना फुलं आली होती.
फुटत होती, विझत होती, पुन्हा फुटत होती,
खांबामागून खांब, थेट डोंगराच्या पाठीपर्यंत.
ह्याच तारेला मी मिठी मारून दुपारी डबा खाल्ला होता,
ती थंड होती तेव्हा, आणि मुकी.

राग्नफ्रीद सांगत होती:
आपल्याला सगळं पांढरं दिसतं तिथे
शेवाळाचा तुकडा त्यांना काळा दिसतो,
लांडग्याची पांढुरकी पाठ म्हणजे
दुधात सांडलेली शाई.
मी मावशीकडे पाहिलं.
आता ती म्हणणार, मी सांगत नव्हते?
तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"मला कुठे माहीत होतं," म्हणाली,
"मी नुसते त्यांचे पाय बघत होते."

मग कॅमेऱ्यात स्वतःचा हात बघून
हसली लहान मुलीसारखी.

तार अजून आहे. मीही तिथेच आहे,
वर्षातून दोनदा खांबांचे नट आवळतो.
कंपनी विचार करते आहे,
असं पत्र दर एप्रिलला येतं.

हातमोज्यावरचा डोळा आता कडक होत चाललाय,
निळ्यावर साय धरते आहे.
मी विचारतो, हा कुठे ठेवू?
"खाली ठेव. येतील डोमकावळे."
आकाशात एकही नाही. वारा उलटा.
आम्ही स्लेज बांधतो, दोनशे पावलं जातो.
मागे पंख वाजतात.

यांना कोण सांगतं?
मावशी खांदे उडवते,
आणि पुढे कट् कट् सुरू होतं.