तीनशेच्या थोडं अलीकडे

अठ्ठावीस वर्षं मी फेरीबोटीच्या इंजिनावर होतो.
दिवाडी ते नार्वे, नार्वे ते दिवाडी,
सगळं मिळून पाच मिनिटांचं पाणी.
निवृत्त झालो तरी डिझेलचा ठोका
ढोपरांतून गेला नाही.
मांडीवर ताट घेतलं की सुलक्षा म्हणते,
वाजतंय हो तुमचं.

म्हणून असेल कदाचित,
म्हापशाच्या इनासकडून वापरलेली सत्तर-तीनशे घेतली
तेव्हा एवढंच विचारलं,
हलणार नाही असा फोटो येईल ना यातून?
पात्रांव, तो म्हणाला, लेन्स हलत नसते.
हलतोस तू, नाहीतर वारा, नाहीतर हवा.
तिघांना एकेक करून गप्प बसव.

आधी धक्क्यावरून काढले,
तीनशेवर ताणून, हातात धरून.
घरी मोठे केले तर पलीकडची खारफुटी
भिजलेल्या पेपरावरच्या शाईसारखी.
ट्रायपॉड आणला. तरी तेच.
शेवटी सायकल घेऊन उभा असलेला एक पोरगा म्हणाला,
अंकल, फेरी लागली की धक्को हालता न्ही.
हे मला.
मला सांगावं लागलं.

तेव्हापासून पिएदादच्या टेकडीवर.
डिसेंबर, सहा वाजून दहा, अजून सूर्य नाही.
मधला दांडा वर काढायचा नाही.
पाय आखूड ठेवायचे, लाल मातीत रोवून.
खाली टांगलेल्या पिशवीत चिऱ्याचे तुकडे,
पण पिशवी जमिनीला टेकलेली,
नाहीतर तीच झोके घेते.
पुढचा फिल्टर काढून खिशात.
आणि स्टॅबिलायझर बंद.
हे फार दिवस पटलं नव्हतं.
थरथर थांबवायला बसवलेलं यंत्र
थरथर नसली की ती शोधत बसतं,
आणि सापडली नाही तर स्वतःच करतं,
असं इनास म्हणाला.
मी काही बोललो नाही.
निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने आठवले.

अॅपर्चर आठ. बावीसवर सगळंच मऊ पडतं.
झूम तीनशेला नेऊन थोडं मागे, दोनशे ऐंशी.
अगदी टोकाला कुठलंच यंत्र सुखी नसतं,
एवढं मात्र इंजिनानं आधीच शिकवलं होतं.

पडद्यावर दहापट मोठं करून
खाजनातली मानस शोधतो.
बांध, मानशीच्या फळ्या, मागे नदी,
आणि नदीला येऊन टेकलेला सह्याद्री,
जो खरं तर किती लांब आहे.
रिंग केसभर इकडे, केसभर तिकडे,
फळ्यांमधल्या फटी येतात, जातात,
येतात.
हात काढून घ्यायचा.
दोन सेकंदांचा टायमर, आणि दोन पावलं मागे,
माझ्या ढोपरांना घेऊन.

आठ दिवस काही ना काही.
एकदा धुकं. एकदा लेन्सवर दव.
एकदा उशीर झाला, नऊ वाजले,
शेत तापून हवा पेजेसारखी उकळू लागली,
सह्याद्री तिच्यात शिजत होता.
नवव्या दिवशी वारा नव्हताच.
आठ सेकंद शटर उघडं राहिलं
आणि मानशीवरचा बगळासुद्धा हलला नाही.

इनासने तो फोटो पाहिला, बराच वेळ.
फटी मोजल्या, बगळ्याची चोच पाहिली.
मग म्हणाला, पाच मिनिटं थांबला असतास
तर नदी रिकामी मिळाली असती.
खरं आहे.
मला वेळापत्रक पाठ आहे, सहा वीसची फेरी.

कागदावर काढून भिंतीला लावला.
सुलक्षा चष्मा घालून जवळ गेली.
फळी न फळी दिसतेय, म्हणाली.
आणि पाण्यावरचा तो पांढुरका ओरखडा
डाग समजून
पदरानं पुसू लागली.

पुसू दिलं.