एक, पाच, तीन, सहा, दोन, चार

ग्रँड मरेच्या अलीकडच्या चढावर व्हॅनला उचकी लागली.
मागे धुरावलेल्या माशांचे अठरा खोके,
डावीकडे सरोवर, एप्रिल आला तरी काठाशी गोठलेलं,
आणि सहा सिलिंडरांपैकी एक जण
कामावर न आलेला.

गाडी चालत होती. तेच तर वाईट.
बंदच पडली असती तर कुणीतरी थांबलं असतं.

आर्वो कांगस फोनवर एवढंच म्हणाला, आण इकडे.
चाळीस हिवाळे त्यानं शाळेच्या बसेस
पहाटे चारला उठवून जाग्या केल्या.
आता कॉफीचा मग तो दोन्ही हातांनी धरतो
आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नसतं.

ह्या व्हॅनचं इंजिन बाहेर नसतंच,
दोन सीटांच्या मध्ये एका पेटीखाली झाकलेलं,
एकोणनव्वद सालापासून माझ्या गुडघ्याला ऊब देत.
आधी बापाच्या गुडघ्याला.
मी पेटी उचलली. मासे, तेल, उंदराचं जुनं घरटं.

"दिवा घालव," आर्वो म्हणाला.
शेडमध्ये काळोख, त्यात इंजिन अडखळत बोलणारं.
त्याच्या हातातली जिरेनियमवर पाणी मारायची बाटली
माझ्या हातात आली. मी दाबली.
तिसऱ्या वायरीवरून निळ्या मुंग्या धावल्या
थेट लोखंडाकडे.
"पाहिलंस? जवळची वाट सापडली
की वीजसुद्धा कामावर जात नाही."

मग प्लग. जुना तिसरा काळा, ओला,
पेट्रोलचा नुसता वास, जळल्याची खूण नाही.
नव्या प्लगची फट मोजायचं पातं आर्वोनं घेतलं
आणि पातं प्लगवर वाजायला लागलं,
टक टक टक,
थंडीत दात वाजावेत तसं.
त्यानं ते माझ्यापुढे धरलं. खिडकीकडे बघत म्हणाला,
"घासलं पाहिजे, अडकता कामा नये.
लोण्यातून सुरी. पण लोणी थंड हवं."
सहा वेळा मी थंड लोणी कापलं.

डिस्ट्रिब्यूटरची टोपी उलटी केली,
आत केसाएवढी काळी रेघ,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
ही रेघ कधी पडली असेल? कुणाच्या काळात?
मी विचारलं नाही. रोटर बदलला, नवी टोपी बसवली,
आणि तेव्हा लक्षात आलं
की सगळ्या वायरी मी एकदमच उपटल्या होत्या.

आर्वोनं डोळे मिटले.
एक, पाच, तीन, सहा, दोन, चार.
हात थरथरत होते, आवाज नाही.
पाढा म्हणावा तसा, पुन्हा पुन्हा,
मी एकेक वायर टोचत गेले,
किल्ली फिरवली,
असा बार उडाला की छपरावरचा बर्फ खाली आला.

"घड्याळाच्या दिशेनं, हेल्मी!"
"माझ्या घड्याळाला काटेच नाहीत, आर्वो!"
तो इतका हसला की त्याला बादलीवर बसावं लागलं.

दुसऱ्या खेपेला लागली.
सहाच्या सहा, सलग, एका दमात,
शिवणयंत्रावर लांब सरळ शिवण पडत जावी तशी.
आर्वो बाजूच्या सीटवर चढून बसला,
मी त्याच्या हातात मग दिला,
आणि पाहते तर कॉफीवर बारीक वर्तुळं.

"अजून चुकतंय कुठेतरी," मी म्हटलं,
आणि किल्ली उलटी फिरवली.

शेड शांत.
टपकणारा बर्फ.
मगात वर्तुळं तशीच, काठापर्यंत, पुन्हा मधून.

आर्वोनंही पाहिलं.
"इंजिन बरोबर आहे," तो म्हणाला.
मी पुन्हा चालू केलं, उगाच,
बराच वेळ चालू ठेवलं,
पेट्रोल महाग असतानाही.