दोन भावांमधला डोंगर

रात्री पावणेतीनला टोर्लाइव उठतो,
वॉशिंग मशीन लावतो, परत झोपत नाही.
ते गरगरतं, हा खिडकीतून
फ्योर्डच्या टोकाला, धरणाच्या भिंतीकडे बघतो.
एकतीस वर्षं तिथलं तिसरं टर्बाइन
तो नुसत्या कानांनी ओळखायचा,
बेअरिंग तापलं की भरल्या ताटावरून उठायचा.

तेव्हा वीज गावची होती.
बिल वर्षातून चारदा,
आणि कोपऱ्यात कारकून एडवर्टची पेन्सिल:
यंदा बर्फ चांगला पडला.

आता तार तीच, खांब तेच,
विकणारे एकोणसाठ.
परवा एक पोरगा आला, कोवळी दाढी, ओले बूट,
म्हणाला, आजोबा, तुम्ही आता स्वतंत्र आहात, निवडा.
टोर्लाइवने विचारलं, तुझी वीज कुठल्या पाण्याची?
त्याने फोनमध्ये शोधलं. बराच वेळ शोधलं.
मी कॉफी ठेवली,
संध्याकाळचे सहा, दिवसातला सगळ्यात महाग तास.

डोंगरापलीकडे धाकटा श्यूर.
नकाशावर कुणीतरी माथ्यावरून रेघ ओढली,
अलीकडे एक भाव, पलीकडे दुसरा.
आमचा भाव समुद्राखालच्या केबलने परदेशी जातो,
तिकडचा वारा पडला की इकडे चढतो.
श्यूरचा घरीच बसून असतो.

शनिवारी मी पावाचं पीठ मळते,
घमेलं मागच्या सीटवर, वर टॉवेल.
चौदा किलोमीटरचा बोगदा,
बाहेर पडेस्तोवर टॉवेल वर उचललेला.
श्यूरने ओव्हन तापवलेला असतो,
दारातच म्हणतो, आलात का परदेशातून?
आणि हसतो. टोर्लाइव हसत नाही.
एका पांघरुणात वाढलेले दोघे.
डिझेल धरलं तर पाव महागच पडतो,
पण तो हिशेब आम्ही मांडत नाही.

स्पर्धा आयोगाकडून प्रश्नावली आलीय.
गेल्या वर्षी आपण किती वेळा पुरवठादार बदललात?
टोर्लाइवने लिहिलं: शून्य.
न बदलण्याचं कारण?
माहिती नव्हती. वेळ नव्हता. समाधानी आहे. इतर.
त्याने 'इतर'वर खूण केली.
पुढे दोन ओळींची जागा, तीन दिवस कोरी.

आज पहाटे कपडे वाळत घालताना
टेबलावर तो कागद दिसला,
लॉगबुकात लिहायचा तशा ठसठशीत अक्षरात:
यंदा बर्फ चांगला पडला.

खाली सही.
सही कुणी मागितली नव्हती.