मी ऐकलो नाही

कपाटाच्या दाराला आतून
खळीनं चिकटवलोय चौदा निमंत्रणपत्रिका.
गेलेल्या मैफलींच्या नव्हेत,
त्या कुठं ठेवलो, आठवत नाही.
ह्या न गेलेल्या.

सगळ्यात जुनीचा कोपरा झुरळानं खाल्लाय:
टिळकवाडी, शनिवार, सायंकाळी साडेसहा.
मी उद्यमबागेत, दुसरी पाळी, तीन ते अकरा.
भट्टीत लोखंड पाण्यासारखं हलत होतं,
आणि वितळलेलं लोखंड थांबत नाही
पूरियासाठी, कुणासाठीच.
साच्यात ओतताना मनात म्हटलो,
आता तिथं तानपुरे जुळत असतील.
सुपरवायझर ओरडला, चौगुले, लक्ष कुठाय!

भरमाण्णा मुतगेकर मात्र सगळीकडं जायचा.
दुसऱ्या दिवशी डबा खाताना सांगायचा,
"काय गायल्या वो बाई!
मध्यंतरात वडा गरम होता."
राग कुठला?
"रागच की. मोठा होता."

धारवाडला सतार, निपाणीला मेव्हणीचा साखरपुडा,
तारीख एकच.
पानसुपारीचं ताट धरून
मी मनातल्या मनात आलापातून जोडापर्यंत पोचलो.
ते लग्न पुढं मोडलंच.
(हे बायकोला अजून बोललो नाही.)

एकदा तर एकाच संध्याकाळी दोन,
शहापुरात सरोद, कॅम्पात ठुमरी.
सायकल घेऊन दुसऱ्या गेटाशी उभा राहिलो.
मालगाडीचे बावन्न डबे मोजलो.
गेट उघडलं तरी ठरलं नव्हतं.
घरी येऊन आमटी-भात जेवलो.

पुण्याचे एक गृहस्थ हसले होते:
"मी ऐकलो काय? मी ऐकलं, म्हणा."
आमच्याकडं असंच म्हणतात, म्हटलो.
कानडीकडून आणलेलं असेल,
शेजारून वाटीभर साखर आणावी तसं.
परत द्यायचं राहून गेलं.
पण तुमच्या 'ऐकलं'मध्ये गाणंच तेवढं उरतं
आणि माणूस निघून जातो चप्पल शोधत.
आमच्या 'ऐकलो'त मी अजून बसलेला असतो.

कोल्हापूरला रात्रभराची बैठक.
रजा मंजूर, पाळी बदललेली, भाड्याचे पैसे सुटे.
कोगनोळीला गाड्या अडवल्या.
कुणीतरी कसल्यातरी पाटीला काळं फासलेलं,
इकडची गाडी तिकडं नाही, तिकडची इकडं नाही.
कंडक्टर ईराप्पा, गोकाकचा,
पैसे परत मोजता मोजता विचारला, "यल्लिगे?"
गाणं ऐकायला, म्हटलो.
त्याची बोटं नोटांवर थांबली.
गाडी डेपोला लावून
तोही मांडवाबाहेर उभा राहणार होता म्हणे.

मग आम्ही गाडीच्या पायरीवर बसलो.
उसाच्या ट्रॉल्या तटलेल्या, डिझेलचा वास.
तिकिटांच्या पेटीवर बोटं वाजवत
तो एक पद म्हटला.
दासांचं होतं की त्याच्या आईचं, विचारलो नाही.
कडव्यात विसरला.
पुन्हा पहिल्यापासून,
पुन्हा तिथंच विसरला.

आता सगळ्या संध्याकाळी मोकळ्या.
पुढून तिसऱ्या रांगेत बसतो.
पण फाउंड्रीनं फंड दिला, ग्रॅच्युइटी दिली,
वरचे सूर तेवढे ठेवून घेतले.
गवई तार षड्जाला जातो,
माना हलतात,
मला नुसता वर गेलेला हात दिसतो.
त्या जागी मी माझ्याकडचं काहीतरी घालतो,
चौदांतलं एखादं,
नाहीतर ईराप्पा विसरला ते.

काल पंधरावी पत्रिका आली.
रविवार, साडेसहा.
त्याच वेळेला नातवाचं गॅदरिंग.
त्यात तो झाड झालाय,
बोलायचं काही नाही, नुसतं हलायचं.
खळ शिजवायला ठेवलोय.