फैजपूर, गुरुवार

वाचनालयाच्या फळ्यावर कोकिळाबाई नेहेते लिहितात : मरण.
"पुसा ते, पोरं येतात इथं,"
मागून कोणीतरी.

पुसत नाहीत. तीस वर्षं नर्स होत्या.
"श्वास अडला, तर नळी हवी का नको?
घरात कोणाला सांगून ठेवलंय?"

पंख्याचा आवाज.
मग तोताराम फेगडे, जन्मभर केळीचे घड मोजलेले,
टोपी काढतात :
"हिला विचारायचंच राहिलं.
जळगावला एकवीस दिवस काचेतून पाहिली.
बोटानं काही खुणावायची.
मी समजलो, पाणी."

घरी येऊन काटा-पावतीच्या पाठीवर लिहिलं :
मला घरी आणा.
बोट हललं तर
पाणी समजू नका लगेच. विचारा.

"तिन्हीसांजेला हे काय, मामा?" सून म्हणाली.
वाचलं तिनं, दोनदा.
रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं.