अंगवळणी

रॉदरहॅमला, डॉन नदीच्या अलीकडे,
एका तळघरात सव्वीस भट्ट्या.
प्रत्येकीच्या पोटात बोटाएवढी एक सळी,
वर पकड, खाली पकड,
आणि तरफेच्या टोकाला लोखंडी चकत्यांचं ओझं.
इथे काही घडत नाही.
न घडणं मोजायचा आम्हाला पगार मिळतो.

सात नंबरला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली:
पाचशे पासष्ट अंश. भार लावला
१४ मार्च १९९१, सकाळी दहा वीस.
खाली शिसपेन्सिलीनं सही, एन. ओल्ड्रॉइड.
"शाई उडून जाते," पहिल्याच आठवड्यात नेव्हिल म्हणाला होता,
"शिसं राहतं."
मी इचलकरंजीची, फौंड्रीच्या धुरात वाढलेली.
लोखंड म्हणजे ओतायचं, ठोकायचं,
नाहीतर तुटायचं.
हे असं नुसतं टांगून ठेवायचं, वर्षानुवर्षं,
मला ठाऊक नव्हतं.

परिभाषा कोशात शब्द सापडला: विसर्पण.
वैद्याच्या पाटीवरचा रोग वाटला. तोंडात बसेना.
मग सात नंबरचा आलेख उलगडला.
पहिले काही महिने सळी भराभर लांबते,
बिचकल्यासारखी,
मग सावरते, ओझं अंगवळणी पडतं,
आणि रेघ एकाच बेताच्या चढानं
चालत राहते, चालत राहते.
या सोमवारचा आकडा गेल्या सोमवारचाच,
फार तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागानं जास्त,
तेही कधीमधी.

हे मी नेव्हिलला सांगितलं.
चष्मा पुसत म्हणाला,
"पोलाद आहे ते, लव्ह. त्यात आपलं काही ओवू नकोस."

नाही ओवलं. निदान वहीत तरी नाही.
वहीत आकडे, आणि समासात:
वीज गेली, चार मिनिटं.
नेव्हिल निवृत्त. केक.
वाचन नाही, इचलकरंजीला गेले होते.
त्याखाली पुन्हा आकडे.

ज्या वीजकेंद्रातल्या वाफेच्या नळीसाठी हे सगळं,
ट्रेंटच्या काठचं, आठ मनोऱ्यांचं,
ते मध्येच बंद झालं.
एका रविवारी सुरुंग लावून पाडलं.
लोक घडीच्या खुर्च्या नि थर्मास घेऊन बघायला गेले.
धूळ बसली.
सात नंबरला कुणी कळवलं नाही.
प्रश्नच उरला नव्हता,
उत्तर टांगलेलंच.

शेवटी शेवटी मान बारीक होते.
सळीला मान असते, खांदे असतात.
हे शब्द आमच्या धंद्यातले, माझे नव्हेत.

एप्रिल २०१५. सोमवारी आले तर
तरफ खाली, चकत्या वाळूच्या पेटीत,
घड्याळ थांबलेलं:
दोन लाख अकरा हजार दोनशे सत्तावन्न तास.
रविवारी संध्याकाळी कधीतरी.
आवाज झाला असणार.

नेव्हिल वेंटवर्थच्या वाटेवरच्या वृद्धाश्रमात.
ऐकू कमी येतं. फोनवर ओरडून सांगितलं, तुटली.
बराच वेळ काही नाही. मग,
"किती लांबली?"
सतरा टक्के.
"हं. वाटलं होतं त्याहून बरी."
मागे कुणाची तरी चहाची गाडी खडखडत गेली.
"मानेपाशीच ना?"
हो म्हणाले.

आता गिऱ्हाइकांना निकाल तीन हजार तासांत हवा.
भट्टी जास्त तापवायची, ओझं वाढवायचं,
उरलेली वर्षं कागदावर पट्टीनं ओढायची.
सात नंबर रिकामी आहे.

दोन्ही तुकडे टेबलावर जुळवून पाहिले.
कितीही फिरवले तरी
मध्ये केसाएवढी फट राहतेच.
चिठ्ठी सोडवली. मागची बाजू कोरी होती.
पेन्सिलीला टोक केलं.